उत्खननात मातीचे थर आणि खड्डे नोंदवायचे कसे: विदर्भातल्या पांढरीवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पावसाळा संपून कापूस वेचणीला आला की इकडे उत्खननाचे कॅम्प लागायला सुरुवात होते, आणि दरवर्षी एमएच्या पोरापोरींची नवी बॅच ट्रेंचमध्ये उतरते. हातात ट्रॉवेल, रजिस्टर, टेप दिली जाते आणि सांगितलं जातं, "लेयर बघत जा." आता लेयर बघायची म्हणजे काय बघायचं हे मात्र नीट कुणी सांगत नाही, मग पोरं रंग लिहितात, खोली लिहितात, खापरं किती निघाली ते लिहितात, आणि महिन्याभराने रिपोर्ट लिहायला बसलं की कळतं, कोणता खड्डा कोणत्या थरातून खाली गेला होता हेच कुठं लिहिलेलं नाही. सगळी भानगड तिथंच होते. आपल्याला मातीपेक्षा दोन मातींच्या मधली रेघ जास्त नोंदवायची असते, कारण आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते फक्त त्या रेघेत असतं. पुढचं सगळं त्या रेघेबद्दलच आहे.

आधी एक कायद्याची गोष्ट, लवकर उरकतो. हे सगळं परवानगी असलेल्या उत्खननासाठी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लायसनशिवाय कुणीही, अगदी स्वतःच्या शेतातसुद्धा, प्राचीन वस्तू शोधायला खोदायचं नसतं. शेतात नांगरताना नाणी, दागिने असं काही निघालं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. गावात लोक विचारतात म्हणून हे माहीत असू द्या. आणि "सोनं निघालं का हो?" हा प्रश्न रोज येणार, हसून उत्तर द्या, चिडू नका.

काळी आणि पांढरी

गाव ज्या टेकाडावर बसतं ती पांढरी आणि शेती होते ती काळी, हे इकडे सगळ्यांना माहीत असतं. पांढरी पांढुरकी दिसते ती राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती आणि शेकडो वर्षांचा घरगुती कचरा साचून. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर घ्या, वैनगंगेवरचं पवनी घ्या, पूर्णेकाठचं भोन घ्या, जुन्या वस्त्या नद्यांना धरून आहेत, म्हणजे तुमच्या ट्रेंचमध्ये माणसाने केलेले थर आणि पुराने आणलेला गाळ दोन्ही भेटणार.

पहिल्या दिवशी खोदायच्या आधी गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांशी बोला. धाब्याच्या घरांच्या छतावर टाकायला आणि भिंती लिपायला पिढ्यानपिढ्या पांढरी माती नेलेली असते, काहींनी खत म्हणून शेतातही टाकलेली असते. माती कुठून काढायचे, जुनी विहीर कुठं बुजवली, कुणाचं घर कधी पडलं, हे कळलं की वरच्या मीटरभरातले अर्धे विचित्र खड्डे तिथंच सुटतात, नाहीतर मग पन्नास वर्षांपूर्वीचा माती नेलेला खड्डा सातवाहन काळात जाऊन बसतो.

काळ्या मातीचं वेगळंच आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मीटरभर खोल भेगा पडतात. वरची खापरं, मणी, कोळसा त्या भेगांतून खाली जातो, पाऊस आला की भेग मिटते आणि वर काहीच दिसत नाही. म्हणून काळ्या मातीत खोलवर एकटाच काचमणी किंवा एकटंच नवं खापर सापडलं तर लगेच उड्या मारू नका, आजूबाजूला भेगेत भरलेल्या वेगळ्या मातीची उभी पट्टी दिसते का ते बघा, आणि दिसली तर ती नोंदवा, भले ती फीचर (म्हणजे खड्डा, चूल, भिंत असं माणसाने केलेलं काही) नसो. याच मातीत तिरके, घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग सापडतात. नवीन माणसाला ते सारवलेली जमीन वाटते. जमीन तिरकी नसते, आणि हे पृष्ठभाग माती फुगून एकमेकांवर सरकल्याने होतात. खाली कंकरचे खडे म्हणजे चुनखडीच्या गाठी वाढायला लागल्या आणि खापरं बंद झाली की नॅचरल, म्हणजे माणसाचा हात न लागलेली मूळ माती, जवळ आलं असं साधारण समजतात, पण खात्रीसाठी एका कोपऱ्यात लहान खड्डा आणखी खाली न्यायचाच.

ट्रेंच आखण्यापासून सुरुवात

आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी व्हीलरची पद्धत चालते. मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ सर्वेक्षणाचे महासंचालक होते, त्यांनी तक्षशिलेला शिबिर घेऊन पोरांना चौकटीत खोदायला आणि मधे बॉक, म्हणजे न खोदलेली मातीची भिंत, ठेवायला शिकवलं. त्याआधी मोठमोठ्या साईटवर डेटमपासून, म्हणजे सगळ्या उंच्या जिथून मोजतात त्या पक्क्या खुणेपासून, ठरावीक खोली मोजून सपाट खोदत जायचे आणि एका खोलीवरचं सगळं एका काळाचं धरायचे. टेकाडाच्या उतारावर थर पण उतरते असतात हो, सपाट कापत गेलं की एका टोकाला नवा थर आणि दुसऱ्या टोकाला जुना थर एकाच पिशवीत येतो. व्हीलरचा राग त्यावर होता आणि तो बरोबर होता.

साधारण १० बाय १० मीटरचा चौकोन, त्याचे चार भाग, मधे अर्धा किंवा एक मीटरचा बॉक, चार कोपऱ्यांना खुंट्या, आणि साईटवर कुठंतरी एक पक्कं डेटम. डेटम हलता कामा नये. देवळाचा जोता, पुलाचा कठडा, असं काहीतरी पकडा, बाभळीच्या झाडाला ठोकलेला खिळा चालणार नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत नसेल तर डेटमला १००.०० मीटर धरा आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर तसं मोठ्या अक्षरात लिहा.

लेव्हल घेताना हिशोब सोपा आहे तरी पोरं घाबरतात. डम्पी लेव्हल (तिपाईवरची समपातळीत बघणारी दुर्बीण) लावली, डेटमवर स्टाफ (आकडे लिहिलेली उंच पट्टी) उभा करून वाचलं १.३६, म्हणजे दुर्बिणीची रेघ १०१.३६ वर. आता खड्ड्याच्या काठावर स्टाफ ठेवला, २.२१ आलं, तर काठ ९९.१५ वर. तळाला ३.०४ आलं तर तळ ९८.३२ वर, खड्डा ८३ सेंटीमीटर खोल. बस, एवढंच. पण वजाबाकी करून फक्त उत्तर लिहू नका, स्टाफवर वाचलेला आकडाही लिहा, म्हणजे चूक असली तर नंतर सापडते. दुपारी जेवायला जाताना लेव्हल काढली असेल, किंवा कुणाचा पाय स्टँडला लागला असेल, तर परत डेटम वाचायचं, आळस करायचा नाही. लेव्हल नसेल आणि एकाच ट्रेंचपुरतं काम असेल तर गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाईप फार भरवशाचा आहे, फक्त पाईपात हवेचा बुडबुडा नको.

थर ओळखायचा कसा

पहिला थर नांगरटीचा, त्यात प्लास्टिकपासून सगळं असतं, तो पटकन काढा. त्याच्याखाली हात हळू करा. माती बदलली हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं, आणि तुमच्या हाताच्या आधी मजुराच्या हाताला कळतं, कारण आयुष्यभर तेच काम केलेलं असतं. खुरपं चालवणारी मावशी थांबून म्हणते, "ताई, अठी माती पोकळ लागून राह्यली बाप्पा." अशा वेळी "चला चला, करा पुढं" म्हणणारा सुपरवायझर मी बघितलेला आहे, आणि त्याच्या ट्रेंचमधला अख्खा साठवणीचा खड्डा बाजूच्या थरासोबत घमेल्यातून बाहेर गेला. मावशी थांबली की तुम्ही पण थांबा, तेवढ्या जागेत सगळं काम बंद करा, ब्रशने आणि ट्रॉवेलने साफ करा, थोडं पाणी फवारा, आणि काठ कुठं फिरतो ते बघा.

पाण्याचं खास सांगतो. फेब्रुवारीनंतर इकडचं ऊन असं असतं की साफ केलेला पृष्ठभाग थोड्याच वेळात वाळून सगळा एका रंगाचा होतो, रेघा गायब. कपाशीवर वापरतात तो पाठीवरचा फवारणी पंप यासाठी सगळ्यात छान, बारीक तुषार पडतो आणि माती वाहत नाही. पण पंप नवा कोरा आणा. औषध मारलेला पंप धुऊन आणला तरी नको, मातीचे नमुने पण खराब होतात आणि तुमच्या नाकातोंडात पण जातं. फवारल्यावर चमक जाऊ द्या, दोनेक मिनिटं थांबा, ओलसर मातीत रंग सगळ्यात जास्त फुटून दिसतात.

नुसत्या रंगावर थर ठरवू नका. एकाच थरात ओलीमुळे दोन रंग दिसू शकतात, आणि दोन वेगळ्या थरांचा रंग सारखाही असू शकतो. रंग, पोत, घट्टपणा आणि मातीत काय मिसळलंय, यातल्या किमान दोन गोष्टी बदलल्या की नवा नंबर द्या. शंका असेल तर दोन नंबर द्या, नंतर दोन्ही एकच निघाले तर कागदावर जोडता येतात. उलटं करता येत नाही, एका पिशवीत मिसळलेली खापरं वेगळी करायची कशी? थर जाड आहे आणि आत काहीच फरक दिसत नाही, तर त्याच थरात ५ किंवा १० सेंटीमीटरच्या पायऱ्यांनी उतरा आणि प्रत्येक पायरीच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, पण पायरी थराच्या उताराला धरून घ्या.

वर्णन लिहायचा क्रम

शीटवर आधी जे दिसतं ते लिहा, त्याचा अर्थ सगळ्यात शेवटी, वेगळ्या रकान्यात. "चुलीची राख" असं पहिल्याच ओळीत लिहिलं की पुढं डोळे फक्त चूलच शोधत राहतात. त्याऐवजी असं: फिकट राखाडी, भुसभुशीत, गाळवट माती, त्यात बोराएवढे कोळशाचे तुकडे बरेच, भाजलेल्या लाल मातीचे बारीक कण थोडे, खालची सीमा स्पष्ट. मग खाली अर्थाच्या रकान्यात, बहुतेक चुलीतून काढून टाकलेली राख. उद्या कुणाला दुसरं काही वाटलं तरी वर्णन कामाचं राहतं.

रंगासाठी मुन्सेलचं पुस्तक, त्यात नंबर दिलेले मातीच्या रंगांचे नमुने असतात. मातीचा लहान ढेकूळ ओला करायचा, पानाच्या भोकामागे धरायचा, गॉगल काढायचा, आणि सावलीत बसायचं पण निळ्या ताडपत्रीच्या सावलीत नाही. हे गमतीने सांगत नाही, निळ्या ताडपत्रीखाली वाचलेले सगळे रंग खोटे येतात, हिरव्या शेडनेटखाली पण तेच. नोंद पूर्ण लिहा, पुस्तकातला रंगाचा नंबर, जसा १० वायआर ३/२, आणि पुढे ओली की कोरडी. सगळ्या ट्रेंचचा रंग शक्यतो एकाच माणसाने वाचला तर बरं.

पोत हातानेच कळतो. चिमूटभर माती ओली करून मळा आणि अंगठा-तर्जनीमधून दाबत पट्टी काढा. पट्टी निघालीच नाही, हाताला खरखर लागली तर वाळू. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाच गेली तर चिकण पोयटा, पाचच्या वर गेली तर चिकणमाती. आपली काळी माती पाचच्या वर आरामात जाते. भंडारा-गोंदियाकडे गेलात तर गावकऱ्यांचे कन्हार, मोरंड, सिहार, खरडी हे शब्द कानावर पडतील, ते पण डायरीत लिहून घ्या, त्या जमिनींचं त्यांचं ज्ञान आपल्या शीटपेक्षा जुनं आहे. चुना आहे का बघायला सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकतात, फसफसलं तर चुना. पण लाकडाच्या राखेतही चुना असतो, म्हणून नुसतं फसफसलं यावरून चुन्याची जमीन आहे असं ठरवू नका, आणि कार्बन डेटिंगच्या किंवा इतर नमुन्याच्या जागी ॲसिड अजिबात नेऊ नका.

सीमा कशी आहे हे लिहायला लोक हमखास विसरतात. चाकूने कापल्यासारखी स्पष्ट की हळूहळू मिसळत गेलेली, सरळ की नागमोडी, यावरून कळतं की थर एका झटक्यात टाकला गेला की वर्षानुवर्षं साचला. पुराच्या गाळात बारीक-जाड वाळूच्या पट्ट्या एकावर एक दिसतात, कोसळलेल्या भिंतीत ढेकळं आणि त्यात भुश्याचे ठसे दिसतात.

एक खड्डा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा थर २ काढून झाला, थर ३ चा पिवळसर घट्ट पृष्ठभाग साफ केला, आणि त्यावर साधारण मीटरभर व्यासाचा काळसर गोल दिसला. आता काय? सगळ्यात आधी कुणीही त्या गोलात खुरपं घालायचं नाही. वरून फोटो, मग प्लॅन (वरून दिसतो तसा नकाशा) १:२० वर, दोन खुंट्यांपासून माप घेऊन. काठाची लेव्हल घ्या. काठावर टूथपिक किंवा बारीक खिळे खोचून ठेवले तर संध्याकाळी माती वाळल्यावरही गोल हरवत नाही.

मग गोलाच्या मधोमध दोरी ताणा आणि अर्धाच भाग खोदा. दोरी शक्यतो अशी ताणा की समोर राहणाऱ्या उभ्या कापावर दुपारचं ऊन थेट पडणार नाही. अर्धा खोदताना भरावात आतले थर दिसले तर तेही वेगवेगळे काढा, खाली हिरवट-करडी बारीक माती असेल, वर विटांचे तुकडे आणि राख असेल, दोघांना वेगळे नंबर. आणि बाजूची भिंत हाताने चाचपत जा. बाहेरची माती घट्ट, आतली पोकळ, खरा काठ तिथंच असतो. काठ न सापडता बाहेर खोदत गेलात तर खड्ड्याचा आकार तुम्ही बनवलेला असतो, त्या काळच्या माणसाने नाही.

अर्धा झाला की उभा काप साफ करून १:१० वर काढा, फोटो घ्या, मग उरलेला अर्धा. या दुसऱ्या अर्ध्याचं काम सोपं जातं कारण आता थर माहीत आहेत, नमुने घ्यायचे ते इथूनच. सगळा भराव निघाला की रिकाम्या खड्ड्याला स्वतःचा नंबर द्यायचा. हे नवीन पोरांना पटत नाही, "सर, हवेला काय नंबर द्यायचा?" पण खड्डा खोदणं ही एक घटना आहे आणि तो भरणं ही दुसरी, दोन्हीमधे चार दिवस गेले असतील किंवा चाळीस वर्षं. धान्य ठेवायला खोदलेला खड्डा शेवटी कचऱ्याने भरतो, मग कचऱ्यावरून खड्डा कशासाठी होता हे कसं सांगणार.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळ: खड्डा कोणत्या थराने झाकलेला आहे आणि कोणत्या थरांना कापतो. आपल्या उदाहरणात तो थर २ ने झाकलेला आहे आणि ३, ४ ला कापत ५ मधे संपतो. म्हणजे तो ३ नंतरचा आणि २ च्या आधीचा. खड्ड्यातलं खापर ९८.५० वर सापडलं आणि शेजारी थर ४ मधलं खापर पण ९८.५० वर सापडलं तरी दोघांचा काळ वेगळा, खोली सारखी असण्याला इथं काही अर्थ नाही. हे रजिस्टरमधे त्याच दिवशी लिहा. थर २ संपला तेव्हाच काठ दिसला हे आज आठवतं, दोन आठवड्यांनी "बहुतेक ३ मधूनच निघाला असेल" असं होतं.

घूस आणि उंदरांची बिळं पण अशीच काळसर गोल दिसतात. फरक असा की बीळ खाली सरळ न जाता वळतं, आडवं जातं, व्यास साधारण एकसारखा राहतो आणि आत बऱ्याचदा ताजी भुसभुशीत माती, गवत असतं. बिळातलं सामान वेगळ्या पिशवीत, त्यावर बीळ असंच लिहा.

बाकीची फीचर्स

चुलीत तीन गोष्टी वेगळ्या असतात: भाजून लाल झालेली खालची जमीन, वरची राख, आणि मातीचा उभारलेला काठ असेल तर तो. लाल जमीन असेल तर आग तिथंच पेटली होती, नुसती राख असेल तर ती दुसरीकडून आणून टाकलेली असू शकते. खांबांची भोकं एकेकटी नोंदवून उपयोग नाही, आजूबाजूचा जेवढा पृष्ठभाग उघडता येईल तेवढा एकदम उघडा, प्लॅनवर आली की ओळ किंवा गोल दिसतो. सारवलेल्या जमिनीत पापुद्रे असतात, दर वेळी सारवलं की एक, सेक्शनमधे, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या कापलेल्या बाजूत, ते भिंग लावून मोजा आणि जमीन भिंतीला येऊन टेकते की भिंतीचा पाया तिला कापून जातो ते नक्की बघा, भिंत आधीची की जमीन आधीची हे तिथंच ठरतं.

जिथं भिंत असायला हवी तिथं नुसता विटांच्या चुऱ्याने भरलेला लांब चर सापडला तर नवल वाटून घेऊ नका, विटा-दगड नंतरच्या लोकांनी घरासाठी काढून नेलेले असतात. त्या चराला पण नंबर, तो भिंतीचाच पुरावा आहे. भट्टी असेल तर धातूची मळी, भात्याच्या नळीचे तुकडे आणि भाजलेल्या भिंतीचा प्रत्येक तुकडा जागेवरच प्लॅनमधे यायला हवा. पेंच नदीजवळच्या नायकुंडला लोखंड गाळायची अशी भट्टी निघाली होती.

शिळावर्तुळांचं तंत्र वेगळं आहे. नागपूरच्या बाजूला जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं लोहयुगातली दफनं आहेत, बाहेर मोठ्या दगडांचं कडं आणि आत दगड, मुरूम, माती यांचा भराव. माहुरझरीला घोड्याचे अवशेष आणि त्याच्या अंगावरचे तांब्याचे अलंकार निघाले. वर्तुळाचे मधून चार भाग पाडतात आणि समोरासमोरचे दोन आधी खोदतात, म्हणजे दोन्ही दिशांचे पूर्ण सेक्शन मिळतात. कड्याच्या दगडांना खडूने नंबर टाका, खोलगट वाट्या कोरलेल्या असतील तर तो दगड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. आणि माणसाची हाडं दिसली की तिथलं काम थांबवून डायरेक्टरला बोलवायचं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा नाही. गावाच्या भावना असतात, आणि दुसऱ्या दिवशी पाचशे माणूस ट्रेंचच्या काठावर उभा राहतो, काठ कोसळतो.

सेक्शन काढणं

याला घाई चालत नाही. दोन माणसं लागतात, एक मोजणारा, एक काढणारा. सेक्शन वरून खाली ट्रॉवेलने तासत या, खालून वर गेलात तर वरची माती साफ केलेल्यावर पडते. मुळं ओढू नका, कात्रीने कापा. मग दोन्ही टोकांना खिळे ठोकून दोरी आडवी ताणा. लाइन लेव्हल दोरीच्या बरोबर मध्यावर अडकवायची कारण दोरीला झोल असतो, टोकाला लावली तर खोटं दाखवते. ५ मीटरची दोरी असेल तर पाण्याच्या पाईपने एकदा तपासा. दोरीची लेव्हल काय आहे ते कागदावर दोरीच्या रेघेशेजारी लिहा, ते नसेल तर अख्खं ड्रॉइंग हवेत लटकतं.

दोरीला समांतर टेप लावा, दर २० सेंटीमीटरला ओळंबा सोडून वर-खाली मापं घ्या, शिवाय रेघ जिथं वळते, तुटते, दुसऱ्या रेघेला मिळते तिथं जास्तीचं माप. १:२० वर १ सेंटीमीटर म्हणजे २० सेंटीमीटर, ५ मीटरचा सेक्शन २५ सेंटीमीटरमधे येतो, ए-थ्री ग्राफ पेपरवर बसतो. फोर-एच पेन्सिल घ्या. बिंदू जोडताना डोळे सेक्शनवर ठेवा, बिंदू तंबूत नेऊन जोडायचे नाहीत, मला तरी ते ड्रॉइंग मान्य नाही. जिथं रेघ खात्रीची नाही तिथं तुटक काढा. सगळ्या रेघा जाड आणि ठाम असलेला सेक्शन दिसला की मला आधी संशय येतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर एकदा परत जाऊन बघा, तिरप्या उजेडात दुपारी न दिसलेली रेघ दिसते.

ड्रॉइंगवर उत्तर दिशा, स्केल, ट्रेंच नंबर, कोणत्या दिशेचा सेक्शन, तारीख, दोघांची नावं, आणि थरांचे नंबर गोलात. फोटोत २ मीटरचा पट्टीदार बांबू, पाटी आणि बाण. सगळा सेक्शन एकतर पूर्ण सावलीत किंवा पूर्ण उन्हात हवा, अर्ध्या-अर्ध्याचा फोटो वाया, चार जणांना पांढरी चादर धरायला लावा. एक फोटो पाटी-बांबू काढून पण घ्या. मोबाईलवरून थ्रीडी मॉडेल करतात हल्ली, चांगलंच आहे, फोटो एकमेकांवर निम्म्याहून बरेच जास्त चढायला हवेत आणि लेव्हल घेतलेले मार्कर दिसायला हवेत. पण कॅमेरा रेघ ठरवत नाही, ते तुम्हालाच करायचं, म्हणून हाताचं ड्रॉइंग सोडू नका.

नंबरांचा मेळ

पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिसने १९७३ मधे मांडलेली मॅट्रिक्स, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे दाखवणारा नंबरांचा तक्ता, फार अवघड काही नाही. प्रत्येक थर, भराव, कट (म्हणजे रिकामा खड्डा) एका चौकोनात, जे वर आहे ते वर, मधे रेघ. कोणत्याही दोन नंबरांत तीनच नाती असू शकतात: एक दुसऱ्याच्या वर, दोघं मुळात एकच होते आणि मधून कापले गेले, किंवा थेट संबंध नाही. आपल्या खड्ड्याचं असं होईल: १, खाली २, खाली वरचा भराव ७, खाली ८, खाली खड्ड्याचा कट ९, मग ३, ४, ५. रोज संध्याकाळी पाच मिनिटं त्या दिवसाचे नंबर जोडा. कुठं गोल फिरून परत त्याच नंबरवर आलात, म्हणजे ३ हा ४ च्या वर, ४ हा ६ च्या वर आणि ६ परत ३ च्या वर, तर काहीतरी चुकीचं वाचलंय, आणि ट्रेंच अजून उघडी आहे तोवर जाऊन बघता येतं. जुने सुपरवायझर म्हणतात सेक्शन आहे ना, मग मॅट्रिक्स कशाला. सेक्शनमधे फक्त बॉकला लागलेले खड्डे येतात हो, ट्रेंचच्या मधले खड्डे त्यात कुठं दिसणार?

पिट ए, पिट बी अशी जुनी नावं चालवायची की सगळ्यांना सलग नंबर द्यायचे हे कॅम्पच्या पहिल्या दिवशी ठरवा आणि सीझन संपेपर्यंत बदलू नका.

पिशवीत दोन लेबलं हवीत, एक बाहेर बांधलेलं, एक आत लहान प्लास्टिकच्या पुडीत, कारण न धुतलेल्या खापरांच्या ओलीने शाई पसरते. साईट, वर्ष, ट्रेंच, थर किंवा फीचरचा नंबर, लेव्हल, तारीख, सही. कोळसा हाताने उचलायचा नाही, स्वच्छ चिमट्याने किंवा ट्रॉवेलच्या टोकाने ॲल्युमिनियम फॉइलमधे घ्यायचा, आणि तेवढ्या भागात बिडी-सिगारेट बंद, हे मजुरांना नीट समजावून सांगा. धान्याचे जळके दाणे हवे असतील तर खड्ड्याच्या भरावातून बादलीभर तरी माती तरंगवायला बाजूला काढा, आणि किती लिटर घेतली ते लिहा.

डायरी त्याच दिवशी लिहायची, कॅम्पवर जेवणाआधी. पानांचे फोटो काढून ठेवा, रेंज आली की ड्राईव्हवर टाका. सीझन संपताना ट्रेंचच्या तळाला आणि सेक्शनला जाड प्लास्टिक किंवा बारदान लावून माती भरतात, म्हणजे पुढच्या वेळी कुठपर्यंत खोदलं होतं ते कळतं, आणि हे पहिल्या पावसाच्या आधी व्हायलाच हवं, काळ्या मातीतला बॉक एका रात्रीच्या पावसात बसतो. डेटमची खूण मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी करून तिचे फोटो आणि अंतरं रजिस्टरमधे लिहून जा, कारण देवळाच्या जोत्याला पुढच्या वर्षी यात्रेआधी ऑइल पेंट लागतो.